कमोडोरला अखेरची सलामी : ‘कोलंबो’ मालिकेतल्या एका फसलेल्या भागाची गोष्ट

थ्रेड मोठा आहे, सवडीने वाचावा. आणि एक इशारा आधीच देऊन ठेवतो : पुढे रहस्यभेद होणार आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या मालिकेचा रहस्यभेद हा गुन्हा मानावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

लढाया, तह आणि ताम्रपट यांवर आपण नेहमीच बोलतो. आज विषय दूरचित्रवाणीचा आहे. २ मे १९७६ या रविवारी रात्री अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर ‘कोलंबो’ या मालिकेचा एक भाग प्रसारित झाला. त्याचे नाव ‘लास्ट सॅल्यूट टू द कमोडोर’. मालिकेचे चाहते सर्वांत वाईट भागांची यादी करू लागले, की हे नाव हमखास वरच्या ओळींत येते. काहींना तो असह्य वाटतो, तर मोजक्या मंडळींना तो उपेक्षित प्रयोग वाटतो. तो फसला का, हा एक प्रश्न झाला. मला त्याहून महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा : इतक्या अनुभवी माणसांच्या हातून तो असा घडलाच कसा?

कोलंबो म्हणजे येथे श्रीलंकेचे शहर नव्हे, हे सांगणे तरुण वाचकांसाठी आवश्यक आहे. लेफ्टनंट कोलंबो हा लॉस एंजेलिस पोलिसांच्या खून-तपास विभागातला एक अधिकारी. अंगात चुरगळलेला रेनकोट, हातात सिगार, बुडाखाली मोडकळीस आलेली प्यूजो गाडी आणि तोंडी सतत बायकोचे दाखले. ही बायको पडद्यावर मात्र कधीच दिसत नाही. भूमिका पीटर फॉक या नटाची. तीन वर्षांचा असताना कर्करोगामुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला होता, आणि त्या जागी बसवलेल्या कृत्रिम डोळ्यामुळे त्याच्या पाहण्याला जो एक तिरपेपणा आला, तो पुढे कोलंबोच्या स्वभावाचाच भाग होऊन बसला.

पात्राचे जनक दोघे : रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक, फिलाडेल्फियातले शाळासोबती. १९६० मध्ये त्यांनी एका दूरचित्रवाणी नाट्यमालेसाठी लिहिलेल्या कथेत हा पोलीस अधिकारी प्रथम आला, तेव्हा ती भूमिका बर्ट फ्रीड याने केली होती. मग तिचे रंगमंचीय नाटक झाले, ‘प्रिस्क्रिप्शन : मर्डर’. १९६२ च्या त्या दौऱ्यात कोलंबो होता वयोवृद्ध नट थॉमस मिचेल, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे निधन झाले. १९६८ मध्ये त्याच नाटकावर दूरचित्रपट झाला आणि रेनकोट फॉकच्या अंगावर आला. रेनकोटही फॉकचा स्वतःचाच होता. डस्टयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ मधला तपास अधिकारी पोर्फिरी पेट्रोविच हे आपले एक प्रेरणास्थान होते, असे लेखकद्वयाने पुढे स्वच्छ सांगितले आहे.

आता मुद्द्याचे. ‘कोलंबो’ची खरी ओळख म्हणजे तिची बांधणी. नेहमीची रहस्यकथा विचारते, खुनी कोण? ‘कोलंबो’त खुनी पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांतच आपल्यासमोर उभा असतो. तो खून कसा करतो, पुरावे कसे पुसतो, आपण दुसरीकडे होतो याचा देखावा कसा रचतो, हे सारे आपण पाहतो. कोलंबो त्यानंतर येतो. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की हा पकडला जाणार कसा? ही उलटी रहस्यकथा लेव्हिन्सन-लिंक यांचा शोध नव्हे. इंग्लंडच्या आर. ऑस्टिन फ्रीमन याने १९१२ च्या ‘द सिंगिंग बोन’ या कथासंग्रहात ती पद्धत रुजवली होती. पण छापील पानावर जी एक बौद्धिक गंमत होती, तिला दूरचित्रवाणीवर माणसांचे द्वंद्व मिळाले. खुनी बहुधा श्रीमंत, नामवंत, चतुर असतो : शल्यचिकित्सक, वाद्यवृंदाचा संचालक, कादंबरीकार, बुद्धिबळपटू. समोर गबाळा, विसराळू, दारापर्यंत जाऊन पुन्हा मागे वळणारा पोलीस. तो मागे वळला की प्रेक्षक सुखावतो, कारण त्या गबाळेपणाखाली काय चालले आहे ते त्याला ठाऊक असते आणि खुन्याला नसते.

हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागेल.

मालिका दर आठवड्याला येत नसे. १९७१ पासून एनबीसीने ‘मिस्टरी मूव्ही’ या छत्राखाली तीन मालिका पाळीपाळीने दाखवायला सुरुवात केली : ‘कोलंबो’, ‘मॅक्क्लाउड’ आणि ‘मॅकमिलन अँड वाइफ’. त्यामुळे वर्षाकाठी सहा ते आठच भाग, पण प्रत्येक भाग एखाद्या छोट्या चित्रपटाएवढा. पहिल्या हंगामाचा पहिला भाग, ‘मर्डर बाय द बुक’, स्टीव्हन स्पीलबर्ग नावाच्या पंचविशीही न गाठलेल्या दिग्दर्शकाने केला होता. वर्षातून मोजक्या वेळाच भेटणाऱ्या पाहुण्याचे अप्रूप असते तसे या भागांचे झाले. पण याच रचनेने एक ओझेही निर्माण केले. सव्वीस भागांच्या हंगामात एखादा भाग पडला तर तो विसरला जातो. सहांतला एक पडला तर तो लक्षात राहतो.

१९७५-७६ चा पाचवा हंगाम सहा भागांचा होता. त्यातला सहावा म्हणजे आपला ‘लास्ट सॅल्यूट’. दोन दूरचित्रपट धरून मालिकेचा तो सदतिसावा भाग. लेव्हिन्सन आणि लिंक पहिल्या हंगामानंतर दैनंदिन कामातून बाजूला झाले होते. मालिकेचा खरा केंद्रबिंदू आता पीटर फॉक होता. त्याच्या मानधनाच्या आणि कराराच्या वाटाघाटी वेळोवेळी वृत्तपत्रांतून गाजत. पहिल्याच हंगामात स्टुडिओशी झालेल्या ताणाताणीतून त्याने ‘ब्लूप्रिंट फॉर मर्डर’ या भागाचे दिग्दर्शन पदरात पाडून घेतले होते. १९७६ च्या वसंतात तो पुढच्या वर्षी परत येणार की नाही, याची खात्री नव्हती. भागाच्या नावातला ‘अखेरची’ हा शब्द कमोडोरच्या मृत्यूला उद्देशून आहे हे खरे. पण तो मालिकेलाही लागू पडावा अशी ती वेळ होती.

दिग्दर्शक होता पॅट्रिक मॅकगूहन. हे नाव ज्यांनी ऐकले नाही त्यांच्यासाठी थोडे थांबतो, कारण या माणसाला वगळून ही गोष्ट सांगता येत नाही. आयरिश आई-वडिलांच्या पोटी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, इंग्लंडमध्ये नावारूपाला आलेला हा नट. १९६७-६८ मध्ये त्याने ‘द प्रिझनर’ ही सतरा भागांची ब्रिटिश मालिका घडवली. एक गुप्तहेर राजीनामा देतो आणि एका अनाम गावात बंदी होतो. सगळा देश शेवटच्या भागाची वाट पाहत बसला होता, की आता तरी उलगडा होईल. मॅकगूहनने स्वतः लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या त्या भागात उलगड्याऐवजी रूपकांचा असा काही कल्लोळ मांडला, की प्रेक्षक खवळले. काही काळ आपल्याला लोकांपासून लपून राहावे लागले, असे तो पुढे सांगत असे. प्रेक्षकाची अपेक्षा मोडणे हा या माणसाच्या दृष्टीने अपघात नव्हता.

‘कोलंबो’त तो आला १९७४ मध्ये, ‘बाय डॉन्स अर्ली लाइट’ या भागात, लष्करी शाळेच्या कडक प्रमुखाच्या भूमिकेत. त्या कामासाठी त्याला एमी पुरस्कार मिळाला. फॉकशी त्याचे सूत जुळले ते कायमचे. १९७५ मध्ये ‘आयडेंटिटी क्रायसिस’ मध्ये तो खुनीही होता आणि दिग्दर्शकही. पुढे १९९० मध्ये ‘अजेंडा फॉर मर्डर’ने त्याला याच मालिकेसाठी दुसरा एमी मिळवून दिला. थोडक्यात, हा कोणी वाट चुकून आलेला उपरा नव्हता. मालिकेचे व्याकरण त्याला पुरते अवगत होते.

लेखकही नवखा नव्हता. जॅक्सन गिलिस याने पूर्वी ‘पेरी मेसन’साठी भरपूर लिहिले होते. पहिल्या हंगामातला ‘सूटेबल फॉर फ्रेमिंग’ हा भाग त्याचाच. त्याचा शेवट ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी आणखी काही सांगायला नको. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांचा रसभंग मी करणार नाही. एवढेच म्हणतो, की शेवटच्या काही क्षणांत एकही शब्द न उच्चारता गुन्हा सिद्ध होतो, आणि कोलंबोच्या उत्तमोत्तम शेवटांत त्याची गणना होते.

अशा हातांनी ‘लास्ट सॅल्यूट’ घडला. आता कथा पाहू.

कमोडोर ओटिस स्वॉन्सन हा नौका बांधणाऱ्या एका प्रतिष्ठित कंपनीचा म्हातारा मालक. जावई चार्ल्स क्ले याने कंपनीचा व्यापार वाढवला. पण म्हाताऱ्याला तो बाजारूपणा रुचत नाही. त्याला कंपनी विकून मोकळे व्हायचे आहे. मुलगी जोआना मद्याच्या आहारी गेलेली. पुतण्या स्वॉनी हा घरातला विदूषक. एक वकील, एक तरुण मैत्रीण, असा गोतावळा. एका मेजवानीत सगळ्यांचे सगळ्यांशी बिनसलेले आपल्याला दिसते.

आणि मग दिसतो तो कमोडोरचा मृतदेह आणि त्याच्याशेजारी हातमोजे घातलेला जावई. तो रक्ताचे डाग पुसतो, प्रेत दडवतो, रात्री सासऱ्याचा वेष घेऊन त्याची नौका समुद्रात नेतो आणि पाण्यातून पोहत परत येतो. आपण निवांत टेकून बसतो, कारण हा नेहमीचाच खाक्या. खुनी मिळाला, आता कोलंबो येईल. त्यात जावयाच्या भूमिकेत रॉबर्ट वॉन. आदल्याच हंगामात ‘ट्रबल्ड वॉटर्स’ या जहाजावरच्या भागात हाच वॉन खुनी होता. प्रेक्षकाच्या मनात शंकेला जागाच नव्हती.

फक्त एक गोष्ट आपल्याला दाखवलेली नाही. प्रत्यक्ष खून.

भाग अर्ध्यापुढे सरकल्यावर क्लेच मेलेला सापडतो. खुनी तो नव्हताच. पत्नीने मद्याच्या भरात बापाला मारले असा त्याचा समज झाला आणि तिला वाचवण्यासाठी त्याने सारा देखावा रचला. म्हणजे इतका वेळ प्रेक्षक ज्याच्याकडे रोखून पाहत होता तो साक्षीदारही नव्हता. येथून पुढे ‘कोलंबो’ ही चक्क ‘खुनी कोण’ पद्धतीची कथा होते. शेवटी सर्व संशयित एका खोलीत जमतात आणि गुप्तहेर उभा राहून बोलू लागतो. अगथा ख्रिस्तीच्या वाचकाला हे दृश्य घरचे वाटेल. कोलंबोच्या प्रेक्षकाला ते परक्याचे वाटले.

ही क्लृप्ती मुळात वाईट होती काय? माझे मत : नाही. प्रामाणिकपणे पाहिले तर ती चांगलीच धाडसी आहे. हिचकॉकने १९६० मध्ये ‘सायको’त नायिकेला चित्रपटाच्या मध्यातच मारले तेव्हा प्रेक्षकाच्या पायाखालची फळी जशी सरकली, तसाच हा डाव. आधीच्या छत्तीस भागांनी लावलेली सवय हेच येथे शस्त्र आहे. वॉनची निवड ही तर फारच हुशारीची, कारण नटाचा पूर्वेतिहास हाच खोटा पुरावा म्हणून वापरला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने याचे कौतुक करावे. आपणही कितीदा एखाद्या माणसाच्या जुन्या कृत्यावरून त्याच्या नव्या कृत्याचा निवाडा करून मोकळे होतो.

शिवाय हेही ध्यानात घ्यावे, की १९७६ मध्ये हा भाग पाहणारा बहुसंख्य प्रेक्षक तो एकदाच पाहणार होता. घरगुती व्हिडिओ यंत्रे नुकतीच, १९७५ मध्ये, बाजारात आली होती आणि ती चैनीची वस्तू होती. भाग चुकला तर पुनःप्रसारणाची वाट पाहायची. आजचे ‘सर्वांत वाईट भाग’ हे निवाडे बहुतांशी डीव्हीडी आणि स्ट्रीमिंगच्या काळातले आहेत. ओळीने दहा-दहा भाग पाहून, आवडते दृश्य मागे-पुढे करून दिलेले निवाडे. ज्या क्लृप्तीचे सारे बळ पहिल्या धक्क्यात आहे, तिला पाचव्यांदा पाहणारा प्रेक्षक न्याय देऊ शकत नाही. साधन बदलले की वाचन बदलते. जो ग्रंथ कीर्तनात ऐकायचा तो आपण छापील पानावर वाचतो आणि त्यात पुनरुक्ती फार आहे म्हणतो, तशीच ही गत.

तरीही भाग फसलेलाच आहे. ही सर्व मोकळीक देऊनही मला तो फसलेलाच वाटतो, आणि त्याचे कारण बहुधा सांगितले जाते ते नाही. सांगितले जाते असे, की त्याने मालिकेचा नियम मोडला. पण नियम इतरत्रही मोडले गेले आहेत. १९७३ च्या ‘डबल शॉक’ मध्ये मार्टिन लँडो जुळ्या भावांच्या भूमिकेत आहे आणि दोघांपैकी नेमका खुनी कोण, हे आपल्याला बराच वेळ ठरवता येत नाही. तो भाग लोकांना आवडतो. म्हणजे नियमभंग हा स्वतः दोष नव्हे.

आता मघाचे वाक्य आठवा. कोलंबो गबाळा वागतो तेव्हा प्रेक्षक सुखावतो, कारण हे वागणे कोणासाठी आहे ते त्याला ठाऊक असते. रेनकोट चाचपणे, पेन्सिल शोधणे, बायकोच्या भाच्याची गोष्ट सांगणे, हे सर्व एका विशिष्ट माणसावर रोखलेले असते. तो माणूस काढून घ्या. मग उरते काय? खरोखरीच पेन्सिल हरवलेला एक गृहस्थ.

‘लास्ट सॅल्यूट’च्या उत्तरार्धात नेमके हेच घडते. फॉक आणि मॅकगूहन यांनी कोलंबोच्या लकबी येथे भलत्याच मोकळ्या सोडल्या आहेत. तो लोकांच्या अगदी तोंडापाशी जाऊन बोलतो, त्यांच्या खांद्यावर हात टाकतो, शब्द लांबवतो, मध्येच गप्प होतो. कमोडोरच्या मैत्रिणीशी बोलताना तो चक्क पद्मासन घालून बसतो. सत्तरीच्या दशकातल्या कॅलिफोर्नियात योग आणि ध्यान यांचे पेव फुटले होते, त्याची ती टिंगल असावी. आपल्याकडच्या प्रेक्षकाला ती पाहताना थोडे अवघडल्यासारखे होते. जहाजबांधणीच्या कारखान्यात यंत्रांच्या घरघरीत संवाद बुडून जातात. मोटारीत तीन पोलीस दाटीवाटीने बसतात आणि विनोद घडावा अशी वाट पाहतात. दृश्य संपायला हवे तेथे संपत नाही.

आणि एकट्या कोलंबोला या भागात दोन मदतनीस दिले आहेत : नेहमीचा सार्जंट क्रेमर, म्हणजे ब्रूस कर्बी, आणि एक नवा पोरगेला सार्जंट, ‘मॅक’, म्हणजे डेनिस ड्यूगन. (हाच ड्यूगन पुढे ‘हॅपी गिलमोर’सारख्या विनोदी चित्रपटांचा दिग्दर्शक झाला.) कोलंबोचे एकटेपण ही मालिकेची भांडवली ठेव होती. एकटा असल्यामुळेच तो खुन्याशी बोलतो, खुन्याच्या घरी जातो, खुन्यालाच सल्ला विचारतो. दोन मदतनीस आले आणि तो त्यांच्याशी बोलू लागला. जी ऊर्जा शत्रूसाठी होती ती सहकाऱ्यांवर खर्च झाली.

या साऱ्यामागे एक विचार होता, असे माझे अनुमान आहे. फॉक हा केवळ दूरचित्रवाणीचा तारा नव्हता. तो जॉन कॅसावेटीस या स्वतंत्र वृत्तीच्या दिग्दर्शकाच्या कंपूतला नट होता. ‘हजबंड्स’ (१९७०) आणि ‘अ वूमन अंडर द इन्फ्लुअन्स’ (१९७४) हे त्यांचे चित्रपट ज्यांनी पाहिले असतील त्यांना ती शैली ओळखीची असेल : लांबत जाणारी दृश्ये, अडखळणारे संवाद, नटांनी एकमेकांना चाचपडत शोधणे. कॅसावेटीस स्वतः १९७२ मध्ये ‘एट्यूड इन ब्लॅक’ या कोलंबोच्या भागात खुनी झाला होता. आणि ‘लास्ट सॅल्यूट’मधला पुतण्या स्वॉनी कोण? फ्रेड ड्रेपर, त्याच कंपूतला नट. कॅसावेटीसच्या चित्रपटांत त्याने कामे केली होती आणि कोलंबोच्या इतर भागांतही तो छोट्या भूमिकांत वारंवार येऊन गेला होता. मित्रांनी मित्रांसाठी चित्रपट करावा, ही कॅसावेटीसची पद्धत. ती ‘फेसेस’सारख्या चित्रपटात फळाला आली, कारण तेथे माणसांचे न सुचणे हाच विषय होता. रहस्यकथेत प्रत्येक हालचाल पुराव्याच्या दिशेने जावी लागते. दोन शिस्ती एकमेकींच्या पायात आल्या.

पुराव्याचेच घ्या. शेवटच्या दृश्यात कोलंबो एक टिकटिकणारे घड्याळ प्रत्येक संशयिताच्या कानाशी नेतो आणि हे कमोडोरचे घड्याळ असल्याचे सुचवतो. इतर जण गोंधळतात. स्वॉनी मात्र चटकन म्हणून जातो, की ते हे नव्हे. कारण खुनाच्या झटापटीत कमोडोरचे घड्याळ फुटले, हे फक्त खुन्यालाच ठाऊक असणार. त्याचा बेत असा होता, की चुलतबहिणीवर आळ यावा, खुनी ठरलेल्या व्यक्तीला वारसा मिळत नाही म्हणून ती बाद व्हावी आणि संपत्ती आपल्याकडे यावी. बेत बरा आहे. पण तो आपल्याला शेवटच्या काही मिनिटांत तोंडी ऐकावा लागतो. नेहमीच्या भागात प्रेक्षकाला वस्तुस्थिती कोलंबोच्या आधी कळते आणि तर्क कोलंबोनंतर. येथे दोन्ही नंतरच कळतात. ‘खुनी कोण’ पद्धतीत वाचकाला जी सूत्रे प्रामाणिकपणे हाती द्यावी लागतात, तीही येथे पुरेशी मिळत नाहीत. जुने घर पाडले, नवे बांधले नाही, आणि पाहुण्यांना जेवायला बोलावून बसलो, असा प्रकार. ‘सूटेबल फॉर फ्रेमिंग’ लिहिणाऱ्या माणसाने एका शब्दाच्या घसरणीवर खटला उभा करावा, याचे वाईट वाटते.

शेवट मात्र सुंदर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रकरण मिटते. कोलंबो एका लहानशा वल्ह्याच्या नावेत बसतो. पलीकडे बायको वाट पाहते आहे म्हणतो आणि वल्हवत निघतो. सिगार सोडण्याचा निश्चय केला होता ना, असे सहकारी विचारतो. अजून नाही, असे उत्तर येते. प्रश्न सिगारचा आहे. पण त्या आठवड्यात प्रत्येक प्रेक्षकाने तो मालिकेविषयीचाच समजला असणार. पाण्यावर लहान होत जाणारी ती आकृती पाहताना मागच्या दीड तासाचा राग थोडा निवळतो.

त्याच महिन्यात, १७ मे रोजी, फॉकला कोलंबोच्या भूमिकेसाठी एमी पुरस्कार मिळाला. पुरस्कार त्या हंगामाचा होता.

आणि मग इतिहासाने एक खोडी केली. करार झाला, फॉक परतला. १० ऑक्टोबर १९७६ रोजी सहाव्या हंगामाचा पहिला भाग आला, ‘फेड इन टू मर्डर’. त्यातला खुनी कोण? एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेत गुप्तहेराची भूमिका करणारा नट. अवाच्या सवा मानधन मागणारा, मालिकेला आपल्यावाचून चालणार नाही हे पक्के ठाऊक असलेला. भूमिका ‘स्टार ट्रेक’वाल्या विल्यम शॅटनरने केली. तो खुनी कोलंबोला तपासात मदत करतो, आपल्या मालिकेतल्या गुप्तहेराच्या थाटात तर्क लढवतो आणि कोलंबो भक्तिभावाने ऐकून घेतो. करारांच्या भांडणातून बाहेर आलेल्या मालिकेने स्वतःवरच केलेला हा विनोद होता. विशेष म्हणजे तो जुन्या बांधणीत केला : खुनी आधी दाखवला, खून डोळ्यांसमोर झाला, एकास एक सामना झाला. वसंतात नियम मोडून जे साधले नाही ते शरदात नियम पाळून साधले. आत्मपरीक्षणही झाले आणि करमणूकही.

पुढचे थोडक्यात. एनबीसीवर मालिका मे १९७८ पर्यंत चालली. १९८९ मध्ये एबीसी वाहिनीवर ती पुन्हा उभी राहिली आणि जानेवारी २००३ पर्यंत अधूनमधून येत राहिली. एकूण ६९ भाग. या दुसऱ्या पर्वातही बांधणी मोडण्याचे प्रयोग झाले. १९९२ चा ‘नो टाइम टू डाय’ एड मॅकबेनच्या कादंबरीवर बेतलेला होता, आणि त्यात खूनच नाही, अपहरण आहे. चाहत्यांच्या नावडत्या भागांच्या यादीत ‘लास्ट सॅल्यूट’ला सोबत असते ती बहुधा त्याचीच. तिथेही कोलंबोसमोर बोलायला कोणी नाही. गुन्हेगार शेवटपर्यंत दूर आहे, अनोळखी आहे. हा योगायोग मला तरी वाटत नाही.

मॅकगूहन १९९८ मध्ये ‘अ‍ॅशेस टू अ‍ॅशेस’ मध्ये चौथ्यांदा खुनी झाला. दिग्दर्शनही त्याचेच. फॉकने त्याचा हात कधी सोडला नाही. बुडापेस्ट शहरात फॉक मिक्सा नावाच्या रस्त्यावर २०१४ मध्ये कोलंबोचा कांस्य पुतळा उभारला गेला. डोके खाजवणारा लेफ्टनंट, पायाशी त्याचा मरगळलेला बॅसेट हाउंड कुत्रा. रस्त्याच्या नावातला फॉक हा एकोणिसाव्या शतकातला हंगेरियन राजकारणी आणि पत्रकार. नटाशी त्याचे नाते असल्याचा पुरावा नाही. पण नाव जुळले आणि पुतळा झाला.

‘लास्ट सॅल्यूट’ पाहायचाच असेल तर आधी ‘ट्रबल्ड वॉटर्स’ पाहा आणि मध्ये चार-पाच भाग जाऊ द्या. १९७६ च्या प्रेक्षकाच्या खुर्चीत बसण्याचा यापेक्षा जवळचा मार्ग मला माहीत नाही. लगेच नंतर ‘फेड इन टू मर्डर’ लावा. आणि नावेच्या दृश्याशी पोहोचलात की तुम्हाला काय वाटले, ते खाली लिहा. ज्यांना पद्मासनाचे दृश्य आवडले त्यांनीही लिहावे. मला अशी माणसे अद्याप भेटलेली नाहीत.